सोळा तालुक्यांचा एकच जून

यवतमाळ जिल्ह्यात तालुके सोळा. सातबारा संगणकावर आला तेव्हा तालुक्याच्या नोंदी तालुक्याच्याच सर्व्हरवर असत. उमरखेडच्या उमरखेडला, वणीच्या वणीला. पुढे ई-फेरफार आले, हा डेटा राज्याच्या डेटा सेंटरमध्ये गेला आणि १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. सर्व्हरचे एकत्रीकरण समजावून सांगायला आपल्याकडे याहून ओळखीचे उदाहरण नाही. त्यातला त्रासही ओळखीचाच: खरिपाच्या पीककर्जासाठी रांग लागावी आणि खिडकीतून ‘सर्व्हर डाउन आहे’ ऐकू यावे. या विषयात पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्या वाचकाने ही रांग डोळ्यांसमोर ठेवावी. एकत्रीकरणाचे गणित कुठे जुळते आणि कुठे फसते, ते तिथेच दिसते.

खासगी व्यवसायात एकत्रीकरणापूर्वीचे चित्र अजूनही दिसते. लोहाऱ्याच्या एमआयडीसीतला कारखाना घ्या, पांढरकवड्याकडची जिनिंग घ्या किंवा दारव्ह्याची पतसंस्था. हिशेबाला एक यंत्र, हजेरीला दुसरे, वजनकाट्याला तिसरे. ‘आमच्या सॉफ्टवेअरला वेगळं मशीन लागेल’ असे प्रत्येक विक्रेता सांगतो आणि मालक ते आणतो. मग प्रत्येकाचा यूपीएस आला, बॅटऱ्या आल्या, बॅकअप आला. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे सरकला की एसीचे बिलही आले. एवढे करून या यंत्रांचे प्रोसेसर दिवसातला बहुतेक वेळ रिकामेच बसतात.

यावरचा उपाय, म्हणजे एकाच यंत्रात अनेक यंत्रे नांदवण्याची कल्पना, तशी जुनी आहे. आयबीएमने १९६०च्या दशकात ती आपल्या मेनफ्रेमवर राबवली आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० म्हणून बाजारात आणली. १९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी तिच्या अटी नेमक्या शब्दांत मांडल्या: आतल्या प्रणालीला खऱ्या यंत्रावर असल्यासारखेच चालता आले पाहिजे, साधनांचा ताबा नियंत्रकाकडेच राहिला पाहिजे आणि बहुतेक सूचना मध्यस्थाशिवाय थेट प्रोसेसरवर चालल्या पाहिजेत. या नियंत्रकालाच आज आपण हायपरव्हायझर म्हणतो. गंमत अशी, की घराघरांत पोचलेला एक्स८६ प्रोसेसर या अटींत बसत नव्हता. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने सॉफ्टवेअरच्या युक्तीने ती अडचण ओलांडली; पुढे २००५ पासून इंटेलने आणि पाठोपाठ एएमडीने प्रोसेसरमध्येच तशी सोय केली. २००७ मध्ये केव्हीएम हा हायपरव्हायझर लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाला आणि हे तंत्र परवाना शुल्काशिवाय थेट लिनक्समध्येच मिळू लागले. २०२३ च्या अखेरीस ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतल्यावर परवान्यांचे हिशेब बदलले, तेव्हा अनेक छोट्या कार्यालयांना केव्हीएमची आठवण झाली.

इतिहास इतका पुरे. खरा प्रश्न आहे कोणते काम कोणाच्या शेजारी बसवायचे याचा. दहा कामे एका यंत्रावर मावतात, कारण दहाही एकाच वेळी जोर करत नाहीत. सगळी बचत या एका गृहीतकावर उभी आहे. सोळा तालुक्यांचे सातबारे एकत्र केले तर हे गृहीतक कोलमडते. पाऊस सगळीकडे जूनमध्येच येतो, कर्जाचे अर्जही तेव्हाच निघतात; त्यामुळे सोळा शिखरे एकमेकांवर रचली जातात. उलट कापसाचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो, पतसंस्थेची घाई ३१ मार्चची, पगारपत्रकाची महिनाअखेरची. ही कामे एका छताखाली सुखाने राहतात. सारख्याला सारखे जोडण्याचा मोह कागदावर नीटनेटका दिसतो, म्हणून तो अधिक धोक्याचा. अमेरिकन पाठ्यपुस्तकांत नाताळच्या खरेदीची गर्दी भेटेल; आपल्याला मृगाची मोजायची आहे.

इथे आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. प्रोसेसरचा वेळ वाटून घेता येतो. एक काम थांबले की दुसरे लगेच धावते. मेमरी तशी नाही. काम निवांत असले तरी त्याने अडवलेली जागा सहसा सुटत नाही. त्यामुळे नवा सर्व्हर घेताना प्रोसेसरवर खर्च करून मेमरीत काटकसर करणारा पुढच्याच हंगामात अडचणीत येतो.

आणि बिघाडाचे काय? पाच यंत्रांपैकी एक बंद पडले तर एक काम अडत होते. आता एक बंद पडले की पाचही अडतात. म्हणून यंत्रे किमान दोन हवीत, आणि दोन्हींवर मिळून एवढाच भार हवा की एक मेले तर उरलेले सगळा पेलेल. हे ऐकून बचतीचा निम्मा उत्साह मावळतो; मावळू द्यावा. स्नॅपशॉटलाच, म्हणजे यंत्राच्या एका क्षणाच्या जपून ठेवलेल्या स्थितीलाच, बॅकअप समजणारेही पुष्कळ आहेत. मूळ डिस्क गेली की तिच्यावरचा स्नॅपशॉटही जातो. सगळेच क्लाउडवर नेऊन ठेवले तरी रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटल्यावर वजनकाट्यापुढे गाड्या उभ्याच राहणार. अशा जागी निदान काट्याची नोंद जागेवर व्हावी आणि जोडणी परतल्यावर वर जावी, अशी रचना करावी.

या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणाआधी वाचकाने एवढे करावे. आपल्या कार्यालयातल्या प्रत्येक सर्व्हरचा प्रोसेसर, मेमरी आणि डिस्कवरची ये-जा दर पाच मिनिटांनी नोंदवायला लावावी, आणि सरासरी न पाहता सर्वांत वाईट तास कोणता ते पाहावे. वर्षभर थांबणे जमत नसेल तर हिशेबनिसाला, काट्यावरच्या माणसाला आणि रोखपालाला विचारावे, की तुमची धांदल कोणत्या महिन्यात असते. ती उत्तरे कागदावर महिन्यांच्या बारा रकान्यांत मांडली की दुसऱ्या प्रकरणातली आकडेमोड सुरू करता येईल.