मावळतीनंतरचे काम

'मावळ' या शब्दाचा संबंध मावळतीशी जोडला जातो. सह्याद्रीलगतच्या खोऱ्यांचा हा पट्टा लोणावळ्यापाशी संपत नाही; जुन्या व्यवहारात जुन्नर-शिवनेरीकडील खोऱ्यांनाही मावळच म्हणत. त्याच बाजूला, गिरवलीच्या डोंगरावर, पुण्याच्या 'आयुका'ची दोन मीटर व्यासाची दुर्बीण २००६ साली कार्यान्वित झाली. सूर्य मावळला की तेथील काम सुरू होते.

या दुर्बिणीला पुण्यात एक पूर्वज होता. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून १८८८ साली सायन्स कॉलेजात, म्हणजे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झालेल्या संस्थेत, वेधशाळा उभी राहिली. तिचे सर्वेसर्वा प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगामवाला. डब्लिनच्या ग्रब यांनी घडवलेली वीस इंची परावर्ती दुर्बीण तेव्हा भारतात सर्वांत मोठी होती. मृगातील तेजोमेघाच्या वर्णपटाचा नेगामवालांनी घेतलेला वेध तर थेट नॉर्मन लॉकियर यांच्या उल्कासिद्धांताविरुद्ध गेला; पुण्यातील एका शिक्षकाने लंडनच्या अधिकारी पुरुषाला दिलेले हे उत्तर आपल्या वैचारिक इतिहासात कुठेच का नोंदले जात नाही, याचे मला नवल वाटते. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी त्यांनी सोलापूरच्या वाटेवरील जेऊरला तळ ठोकला. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही तेथेच आले होते.

१९१२ साली नेगामवाला निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद पडली. उपकरणे कोडाईकनालला गेली. एका माणसाबरोबर एक विद्याच पुण्यातून उठून गेली!

बरोबर शंभर वर्षांनी, १९८८ मध्ये, 'आयुका' स्थापन झाली. जयंत नारळीकरांनी घडवलेली ही संस्था एका महाविद्यालयाची नव्हे, देशभरच्या विद्यापीठांची. गिरवलीची दुर्बीण बनवणारी कंपनी लिव्हरपूलच्या जॉन मूर्स विद्यापीठातून निघालेली; तिनेच ला पाल्मा बेटावरील 'लिव्हरपूल टेलिस्कोप' घडवली. ही सख्खी बहीण मात्र यंत्रमानव आहे. रात्री तेथे कोणी नसते. हवामान पाहून छप्पर उघडणे, पुढचा तारा निवडणे, सारे ती स्वतःच करते. माणूस उरलाच नाही, अशी हळहळ साहित्यिक मंडळींना येथे वाटेल. मला वाटत नाही. नेगामवालांच्या दुर्बिणीपाशी माणूस होता, त्याच्यामागे संस्था नव्हती.

गिरवलीला अजून माणसे रात्र जागवतात. पावसाळ्यात मात्र मावळचे आभाळ कोणाचेच ऐकत नाही. तेव्हा घुमट मिटलेला असतो.