डेन्मार्क : लहान देश, जाणती माणसे



'एल अँड टी' ही अक्षरे आपण पुलांवर आणि कारखान्यांवर पुष्कळदा वाचली असतील. ह्यांतला 'एल' कोण आणि 'टी' कोण, असे मी एकदा युनियनच्या कचेरीत विचारले. "असतील कोणी इंग्रज साहेब," असे उत्तर मिळाले. वस्तुतः हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो हे दोघेही डेन्मार्कचे इंजिनियर. सिमेंटची यंत्रे करणाऱ्या एका डॅनिश कंपनीच्या कामासाठी ते हिंदुस्थानात आले आणि १९३८ साली मुंबईत त्यांनी भागीदारी थाटली. आरंभी ते मायदेशातून दूधधंद्याची यंत्रे मागवून विकत. १९४० च्या एप्रिलात जर्मनीने डेन्मार्क व्यापला, यंत्रे येईनाशी झाली, तेव्हा त्यांनी लहानशा वर्कशॉपात स्वतःच यंत्रे करायला घेतली. १९४६ साली त्याची कंपनी झाली. पुढचे आपण जाणताच.

पण दूधधंद्याची यंत्रे डेन्मार्कातूनच का यावीत? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला त्या देशाचा इतिहास वाचण्याचा नाद लागला.

देश केवढा? सुमारे ४३,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या तिपटीहून थोडा कमीच. वस्ती साठ लाखांच्या आसपास. युलंड नावाचे द्वीपकल्प आणि चारशेंवर बेटे; समुद्र कोठूनही फार लांब नाही. डोंगर म्हणावा असा डोंगर नाही. मोठ्या खाणी तर मुळीच नाहीत. १८६४ साली प्रशिया आणि ऑस्ट्रिया ह्यांच्याशी झालेल्या युद्धात त्यांचा पराभव झाला आणि सुमारे एक तृतीयांश मुलूख हातचा गेला. त्यानंतर अमेरिकेचे आणि रशियाचे स्वस्त धान्य युरोपात येऊ लागले. भाव कोसळले आणि डेन्मार्कचा शेतकरी पुरता अडचणीत आला.

असा देश सावरला कसा? त्याचे बीज पराभवाच्या वीस वर्षे आधीच पेरले गेले होते. ग्रुंटविग नावाचे एक धर्मोपदेशक आणि कवी होते. त्या काळी विद्या म्हणजे लॅटिन आणि परीक्षा. ग्रुंटविग म्हणाले, वयात आलेल्या शेतकऱ्याच्या मुलामुलींसाठी शाळा हवी, ती त्यांच्या मातृभाषेत हवी, आणि तिथे परीक्षा नको. त्यांच्या विचारातून १८४४ साली रोडिंग ह्या गावी पहिली लोकशाळा निघाली. तिथे इतिहास, गाणी, व्याख्याने आणि चर्चा चालत. १८६४ च्या युद्धात रोडिंग शत्रूच्या हाती गेले, तेव्हा ती शाळा सरहद्दीच्या अलीकडे आस्कोव्ह येथे नेऊन पुन्हा सुरू केली गेली. मुलूख गेला तरी शाळा जाऊ द्यायची नाही, हा त्या लोकांचा निश्चय मला फार मोलाचा वाटतो.

अशा शाळांतून पुष्कळ तरुण शेतकरी शिकून गेले होते. धान्याचा भाव पडल्यावर शेतकऱ्यांनी गाई वाढवल्या आणि लोण्याचा धंदा धरला. १८८२ साली पश्चिम युलंडात येडिंग येथे पहिली सहकारी दूधशाळा निघाली. साय वेगळी काढणारे फिरते यंत्र एकट्याला परवडणारे नव्हते. ते सगळ्यांनी मिळून घेतले. अशा दूधशाळांचा नियम असा, की कोणाच्या गोठ्यात दोन गाई असोत की पन्नास, मत एकालाही एकच. थोड्याच वर्षांत अशा शेकडो दूधशाळा उभ्या राहिल्या. यंत्र बोटीतून येऊ शकते. पण हिशेब वाचणारा आणि सभेत उभा राहून प्रश्न विचारणारा सभासद बोटीतून येत नाही. तो तिथे आधीच तयार होऊ लागला होता.

आता शहरातल्या कामगाराकडे वळू. तिथे १८९६ साली मालकांचा संघ निघाला आणि १८९८ साली कामगार संघटनांचा मध्यवर्ती संघ. १८९९ च्या वसंतात सुतारांच्या एका तंट्यावरून मालकांनी टाळेबंदी पुकारली. सुमारे चाळीस हजार कामगार तीन महिन्यांहून अधिक काळ घरी बसले. ५ सप्टेंबरला तडजोड झाली. मालकांनी कामगारांचा संघटनेचा हक्क मान्य केला आणि काम चालवण्याचा व वाटून देण्याचा मालकांचा हक्क कामगारांनी मान्य केला. विजय कोणाचाच पुरता झाला नाही. पण त्याच पायावर तिथली कामगार-मालक व्यवस्था उभी राहिली. आजही तिथे किमान वेतनाचा कायदा नाही; वेतन ठरते ते संघटनांच्या करारांतून.

सगळे चांगलेच सांगितले तर तो इतिहास होणार नाही. ह्याच देशाने १६२० ते १८४५ पर्यंत आपल्या तमिळ किनाऱ्यावर तरंगंबाडी येथे वखार आणि किल्ला राखला होता. त्याच्या वेस्ट इंडीजमधल्या बेटांवर उसाच्या मळ्यांत गुलाम राबत होते. १८४८ साली त्यांनी स्वतः उठाव केला तेव्हाच त्यांची सुटका झाली. घरात एक माणूस एक मत, आणि समुद्रापार चाबूक, ही विसंगती त्या इतिहासातही आहे.

हे सारे मी सोलापुरात का सांगतो आहे? माझे वडील गिरणीत बदली कामगार होते. मी नववीत शाळा सोडली. पंचवीस वर्षांपूर्वी एका यंत्रमाग कारखान्यात आम्ही संप करून पगारवाढ मिळवली आणि करारनाम्यावर पाच जणांनी सह्या केल्या. करारनामा इंग्रजीत होता. आम्हांपैकी एकालाही तो वाचता येत नव्हता आणि "वाचून दाखवा" म्हणायची लाज वाटली. पुढच्या महिन्यात कळले, की पगार वाढला तसे माणशी मागही वाढले आहेत. दोष मालकाचा होताच. पण आमच्या अडाणीपणाचाही होता. त्या रात्री मी इंग्रजी-मराठी शब्दकोश उघडला, तो अजून मिटलेला नाही.

आपल्या गावात एकी नव्हती असे नाही. १९३० च्या मे महिन्यात ह्या गावाने इंग्रज सत्तेला असे आव्हान दिले, की तिला मार्शल लॉ पुकारावा लागला. इथून जवळच कुंभारीला विडी कामगार बायांनी सहकारी संस्था काढून दहा हजार घरांची वसाहत उभी केली. २००६ साली त्यांना घरांच्या किल्ल्या मिळाल्या. येडिंगच्या शेतकऱ्यांनी जे केले ते आमच्या विड्या वळणाऱ्या बायांनाही जमले. गिरण्यांचे भोंगे बंद झाले म्हणून माणसे संपली असे मी मानत नाही.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तिलाही परीक्षा नव्हती, दाखला नव्हता. मातृभाषेतून बोलणे आणि ऐकणे एवढेच होते. आज सात रस्त्याला आपण त्याच जातीच्या शाळेत बसलो आहोत. माझी विनंती एकच : उद्या येताना शेजारच्या खोलीतल्या विडी कामगार मावशींना आणि यंत्रमागावरच्या पोराला बरोबर आणा. पाळी सुटायला उशीर होत असेल, तर आपण व्याख्यान अर्धा तास उशिरा सुरू करू.