ओढ्याकाठच्या भुंगेऱ्याची साक्ष

वेल्स-स्कॉटलंडच्या डोंगरी ओढ्यांकाठी गोट्यांच्या फटीत बेम्बिडियन टिबिआले नावाचा भुंगेरा राहतो. लांबी पाच-सहा मिलिमीटर, अंगावर निळी-हिरवी झाक, डोळे मोठे. काठच्या खडीवर ओंजळभर पाणी मारलं की लगबगीनं बाहेर येतो; भुंगेरे गोळा करणाऱ्यांची ही जुनी युक्ती. बेम्बिडियनच्या शेकडो जाती आहेत आणि बहुतेक पाण्याकाठच्याच. पण प्रत्येकीची जागा ठरलेली. एकीला उघडी वाळू लागते, दुसरीला सावलीतली खडी, तिसरीला चिखल.

मी भूशास्त्राचा मास्तर. नोकरी सगळी दख्खनच्या काळ्या पाषाणावर गेली. तिथे वर्षं कोटींत मोजतात, शे-दोनशे वर्षांचा फरक कुणी विचारत नाही. तसा फरक सांगू शकणारे साक्षीदार मला या भुंगेऱ्यांत आणि त्यांच्या भाईबंदांत भेटले, म्हणून त्यांच्या अभ्यासाचा इतिहास मी आवडीनं वाचत आलो.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या सॅम्युअल स्कडर यांनी हिमयुगाच्या थरांतले भुंगेरे पाहिले आणि त्यांतल्या पुष्कळांना नामशेष जाती ठरवून नवी नावं दिली. एवढे जुने म्हणजे वेगळेच असणार, अशी तेव्हाची समजूत. तिनं या विद्येची कितीतरी वर्षं खाल्ली, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण जातच नामशेष म्हटली की तिचा आजचा पत्ता विचारायचा प्रश्नच उरत नाही.

ती वाट मोकळी करण्यात मोठा वाटा बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या रसेल कूप यांचा. वूस्टरशायरमधल्या अप्टन वॉरनच्या खडीच्या खाणीत मॅमथ आणि केसाळ गेंड्याच्या हाडांबरोबर काळ्या गाळात भुंगेऱ्यांचे तुकडे होते. फ्रेड शॉटन आणि आय. स्ट्रॅचन यांच्यासोबतचा कूप यांचा त्यावरचा प्रबंध 1961 मध्ये छापून आला. तुकडे सुमारे 42 हजार वर्षांपूर्वीचे, आणि जाती मात्र आजही जिवंत! भुंगेरे बदलले नव्हते, हवा बदलली तसे मुक्काम हलवत राहिले होते. तिबेटच्या पठारावर राहणारा एक शेणकिडा तर त्यांना इंग्लंडच्या हिमयुगातल्या गाळात सापडला.

हे तुकडे वेगळे काढायची रीत अगदी घरगुती आहे. गाळ पाण्यात भिजवून फोडायचा, बारीक चाळणीवर धुवायचा, पाणी निथळून त्यात रॉकेल कालवायचं. किड्यांच्या मेणचट कवचाला रॉकेल धरतं. जास्तीचं रॉकेल ओतून टाकून वरून गार पाणी सोडलं की काड्या-पानं बहुतेक तळाशी बसतात आणि डोकी, छातीच्या ढाली, पंखांची कवचं वर तरंगतात. ती अलगद चाळणीत घ्यायची, साबणाच्या पाण्यानं धुवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक निवडायची. कवचावरच्या रेघा, त्यांतली टोचल्यासारखी छिद्रं, पृष्ठभागावरची बारीक जाळी यांवरून जात ओळखतात. कित्येक कवचांवर हजारो वर्षांनीही मूळची झळाळी असते. कधी पोटाच्या तुकड्यात नराचं जननेंद्रियही शाबूत मिळतं आणि मग शंकेला जागाच राहत नाही.

खरा वाद पेटला हिमयुगाच्या शेवटावरून. परागकणांचे अभ्यासक सांगत होते की ऊब हळूहळू वाढली, कारण झाडं हळूहळू आली. उत्तर वेल्समधल्या ग्लानलिनाय इथल्या थरांवरून कूप आणि ब्रॉफी यांनी 1972 मध्ये दाखवलं की उबेतले भुंगेरे झाडांच्या कितीतरी आधी पोचले होते, म्हणजे हवा झपाट्यानं तापली होती. माझ्या मते यात आश्चर्य वाटायचं कारण नव्हतं. झाडाला बी रुजवून पिढी वाढवत यावं लागतं, माती तयार लागते. भुंगेरा उडतो, आणि ओढ्याकाठच्या जातींना उघडी खडी पुरते. पुढे ग्रीनलंडच्या बर्फाच्या गाभ्यांतूनही तशीच झपाट्याची वाढ दिसली.

1987 मध्ये अ‍ॅटकिन्सन, ब्रिफा आणि कूप यांनी गेल्या 22 हजार वर्षांतलं ब्रिटनचं उन्हाळी-हिवाळी तापमान भुंगेऱ्यांवरून मांडलं. एका थरातल्या सगळ्या जाती आज कोणकोणत्या तापमानात जगतात ते पाहायचं आणि सर्वांना चालेल तेवढाच टापू धरायचा. त्यासाठी प्रत्येक जातीचा आजचा मुक्काम पक्का ठाऊक हवा. तो ठाऊक होता, कारण युरोपभरच्या हौशी माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या ओढ्याकाठी गोटे उलथून, सापडलेल्या भुंगेऱ्याखाली गाव आणि तारीख लिहून ठेवली होती.