सव्वापटीचा जामीन

सव्वा हा आकडा मराठी मनाला शुभ वाटतो. दक्षिणा सव्वा रुपयाची, नवसाचे पेढे सव्वा किलोचे. पूर्णाच्या वर थोडे शिल्लक राहावे, ही त्यामागची भावना. अमेरिकेच्या स्थलांतरविषयक कायद्यातही हा सव्वा आहे, मात्र तिथे तो दारिद्र्याचा आहे. परदेशी पतीला वा पत्नीला कायमच्या वास्तव्यासाठी बोलावणाऱ्याने आपले उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या किमान सव्वापट असल्याचे दाखवायचे आणि भरणपोषणाची हमी देणारे 'आय-८६४' हे प्रतिज्ञापत्र सही करून द्यायचे, असा नियम डिसेंबर १९९७पासून आहे. (सैन्यात असलेल्यांना पाव भागाची सूट मिळते.) दोघांच्या कुटुंबासाठी ती रेषा २०२५ साली २१,१५० डॉलर होती, तिची सव्वापट २६,४३७ डॉलर. संगणक अभियंत्याच्या पगारापुढे ही रक्कम किरकोळ असल्यामुळे पुण्या-मुंबईच्या घरांत तिची फारशी चर्चा होत नाही. दुकानात ताशी मजुरीवर काम करणाऱ्याला मात्र तीच रक्कम बायको आणि आपण यांच्यामधली भिंत वाटू शकते. आपल्याकडे मुलाची मिळकत मुलीचा बाप विचारीत असे. इथे ती चौकशी लग्न लागल्यानंतर सरकार करते, एवढाच काय तो फरक, असे कोणी म्हणेल. पण मुलीच्या बापाला मुलीची काळजी असते. सरकारला कशाची आहे?

त्याचे उत्तर शोधायचे तर फार मागे जावे लागते. मुळात हा प्रश्न देशाच्या सीमेवरचा नव्हता, तो गावकुसावरचा होता. इंग्लंडमध्ये १६०१च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशवर आपापल्या गरिबांना पोसण्याची जबाबदारी टाकली. खर्च स्थानिक करातून भागवायचा, त्यामुळे 'आपला' गरीब कोणता आणि परका कोणता, हा वाद ओघानेच आला. १६६२च्या कायद्याने तो निकाली काढला. वर्षाला दहा पौंडांहून कमी भाड्याच्या जागेत राहणारा कोणी परगावचा माणूस पॅरिशवर भार होण्याचा संभव दिसला, तर तो आल्यापासून चाळीस दिवसांच्या आत तक्रार करायची. मग दोन न्यायाधीशांच्या हुकमाने त्याची त्याच्या मूळ पॅरिशमध्ये रवानगी होई. हा 'संभव' शब्द फार महत्त्वाचा आहे. त्या माणसाने कोणाकडे काही मागितलेले नसे. तो पुढे मागेल या शंकेवर, आणि भाड्याच्या एका आकड्यावर, त्याची परीक्षा होई. १६९७पासून तो मूळ पॅरिशचा दाखला आणू शके : हा आमचा आहे, गरजू झाला तर आम्ही त्याला परत घेऊ. आजच्या प्रतिज्ञापत्राचा पूर्वज मला या दाखल्यात दिसतो. अ‍ॅडम स्मिथने १७७६च्या आपल्या ग्रंथात या साऱ्या व्यवस्थेवर कडक टीका केली. पुढे १७९५ साली प्रत्यक्ष मदत मागेपर्यंत कोणाला घालवायचे नाही असे ठरले, तेव्हाही अविवाहित गर्भवती स्त्रियांना या सवलतीतून वगळले गेले.

लग्नाचा संबंध इथेच येतो. स्त्रीचा विवाह झाला की तिची पॅरिश बदलून नवऱ्याची होई. तेव्हा आपल्या पॅरिशवर भार होऊ पाहणारी गर्भवती स्त्री दुसऱ्या पॅरिशच्या पुरुषाशी लावून दिली की काम झाले! अठराव्या शतकातल्या पॅरिशच्या हिशेबवह्यांत अशा लग्नांवर झालेला खर्च मांडलेला सापडतो. सामाजिक कादंबरीच्या अभ्यासकाने त्या वह्या जरूर चाळाव्यात.

ही रीत वसाहतींबरोबर अटलांटिकपार गेली. न्यू यॉर्क राज्य जहाजाच्या मालकाकडून दर उतारूमागे तीनशे डॉलरचा जामीन किंवा त्याऐवजी दीड डॉलर रोख मागत असे. सर्वोच्च न्यायालयाने १८७६ साली ते घटनाबाह्य ठरवले आणि सहा वर्षांत, १८८२च्या कायद्याने, मध्यवर्ती सरकारने तेच काम स्वतःकडे घेतले. १८९१च्या कायद्यात तर 'भार होण्याचा संभव' हे १६६२चे शब्दच जवळजवळ जसेच्या तसे अवतरले. शब्द लवचीक, म्हणून सोयीचे. एलिस बेटावर एकट्या आलेल्या बाईला नातेवाईक पुरुष न्यायला येईपर्यंत अडकवून ठेवीत. सॅन फ्रान्सिस्कोत १९१०च्या सुमारास धडधाकट पंजाबी मजुरांना याच कलमाखाली परत पाठवले जाई. तर्क असा, की गोऱ्यांच्या द्वेषामुळे त्यांना काम मिळणार नाही! १९१५ साली न्यायमूर्ती होम्स यांनी एका रशियन मजुराच्या खटल्यात बजावले, की एखाद्या शहरात मजूर जास्त झाले आहेत, एवढ्यावरून कोणाला संभाव्य भार ठरवता येणार नाही. हे कलम १९३० साली मंदीत पुन्हा आवळले गेले. पुढच्या दशकात जर्मनीतून निसटू पाहणाऱ्या ज्यूंना अमेरिकेतल्या दूरच्या नातलगांकडे हमीपत्रांची याचना करावी लागली. ते हमीपत्र नैतिक वचनापलीकडे काही नव्हते. १९५०च्या दशकाच्या अखेरीस मिशिगनसारख्या राज्यातल्या न्यायालयाने तसा निर्णयही दिला. वचनाचा करार झाला तो १९९६च्या कायद्याने.

आता त्या सव्वापटीखालच्या दारिद्र्यरेषेकडे वळू. ती आखली मॉली ऑर्शान्स्की यांनी. युक्रेनमधून आलेल्या ज्यू आईबापांची १९१५ साली न्यू यॉर्कमध्ये जन्मलेली ही मुलगी सामाजिक सुरक्षा खात्यात संशोधक होती. सर्वांत काटकसरीच्या सरकारी आहारयोजनेचा खर्च त्यांनी घेतला. १९५५च्या पाहणीनुसार कुटुंबे उत्पन्नाचा सुमारे एक-तृतीयांश अन्नावर खर्च करीत, म्हणून त्याला तीनने गुणले. दोघांच्या संसारासाठी ३.७ने. १९६५ साली हे गणित प्रसिद्ध झाले आणि सरकारने उचलले. तेव्हापासून महागाईप्रमाणे आकडे वाढले, पाया बदललेला नाही. माणसाला किती पुरेसे आहे हे सांगण्याचा ऑर्शान्स्की यांचा दावा नव्हता. किती निश्चितच अपुरे आहे, एवढेच त्या मोजत होत्या. स्थलांतरितांच्या लेकीने गरिबांची बाजू मांडण्यासाठी काढलेली रेषा पुढे स्थलांतरितांना दाराशी अडवण्याच्या कामी आली, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल.

ब्रिटनने तर दारिद्र्यरेषेची मध्यस्थीही ठेवली नाही. २०१२च्या जुलैत पती-पत्नींसाठी १८,६०० पौंडांची अट आली, ११ एप्रिल २०२४ला ती २९,००० झाली. लंडनला आणि उत्तरेकडच्या गिरणगावांना आकडा एकच. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली तपशिलात दोष काढले, पण तत्त्व मान्य केले.

मला यात सर्वाधिक खटकते ते बोलावल्या जाणाऱ्या व्यक्तीचे अदृश्य होणे. पत्नी नाशकात नावाजलेली डॉक्टर असेल. देश सोडताना ती मिळकत संपणार, म्हणून अमेरिकेच्या हिशेबात तिचे मोल शून्य. उद्या ती काय मिळवील, हे ब्रिटनही पहिल्या अर्जाच्या वेळी धरीत नाही. पॅरिशचा माणूस निदान आलेल्याचे हातपाय पाहत असे. इथे बघतात ती जामीनदाराची कागदपत्रे. ती अपुरी पडली तर अमेरिकेत मावसभाऊ वा मित्रही सहजामीन होऊ शकतो. ब्रिटनमध्ये सहसा तीही सोय नाही.

आणि हा जामीन लग्नापेक्षा चिवट आहे. बोलावलेली व्यक्ती नागरिक झाली, तिच्या नावे कामाच्या चाळीस तिमाह्या जमा झाल्या, ती कायमची देश सोडून गेली, किंवा दोघांपैकी कोणाचा मृत्यू झाला, तरच तो सुटतो. घटस्फोट या यादीत नाही. त्यामुळे पोटगीहून निराळा असा एक हक्क निर्माण झाला आहे. शिकागोच्या अपील न्यायालयात २०१२ साली एका घटस्फोटिताने युक्तिवाद केला, की माजी पत्नीने स्वतः नोकरी शोधायला हवी. न्यायमूर्ती पोझ्नर यांनी तो फेटाळला. पश्चिम किनाऱ्यावरच्या अपील न्यायालयाने २०१६ साली आणखी एक निर्णय दिला : लग्नापूर्वी परस्परांवरचा पोटगीचा हक्क सोडल्याचा करार केला असला, तरी या प्रतिज्ञापत्राची जबाबदारी टळत नाही. सहजामीन राहिलेला मावसभाऊही त्यातून सुटत नाही.