इन्स्टॉलचा पर्याय: रीत आणि वेळ

पायथनचे मॉड्यूल पॅकेज करताना ‘इन्स्टॉल’ या कमांडला स्वतःचा पर्याय जोडण्याची रीत अवघड नाही. सेटअपटूल्समधल्या इन्स्टॉल क्लासवरून आपला क्लास तयार करायचा आणि तो ‘सीएमडीक्लास’मधून सेटअप.पीवाय फाइलमधल्या सेटअप फंक्शनला द्यायचा. पर्यायाच्या नोंदीत लांब नाव, एकाक्षरी नाव आणि मदतीचा मजकूर येतो. लांब नावाच्या शेवटी बरोबरचे चिन्ह असेल तर पर्याय मूल्य मागतो. नसेल तर तो नुसता होय-नाहीचा असतो.

आधी प्रत्येक पर्यायाला ‘नन’ द्यायचे, म्हणजे वापरणाऱ्याने काहीच सांगितले नसेल तर ते कळते. मग सेटअप.सीएफजीमधली आणि कमांड लाइनवरची मूल्ये भरली जातात, त्यांची तपासणी होते आणि शेवटी ‘रन’ चालते. प्रत्येक टप्प्यावर मूळ क्लासची तीच मेथड बोलवावीच लागते. रनमध्ये ती राहिली तर फाइली जागेवर पोचतच नाहीत.

खरा प्रश्न मात्र रीतीचा नाही, वेळेचा आहे. २०१३ साली मान्य झालेल्या व्हील स्वरूपात इन्स्टॉल म्हणजे झिप उलगडून फाइली जागच्या जागी ठेवणे, पॅकेजच्या लेखकाचा सेटअप.पीवाय तिथे चालत नाही. आपले रन चालते ते व्हील बांधताना, बांधणाऱ्याच्या मशीनवर. त्यात होम फोल्डरमध्ये काही लिहिले असेल तर ते बिल्ड सर्व्हरच्या होममध्ये जाते, आणि वापरणाऱ्याच्या हाती काहीच येत नाही. ही चूक फसवी आहे, कारण कुठेही एरर दिसत नाही. २०२३ मध्ये पिप या इन्स्टॉलरच्या २३.१ आवृत्तीने असे पर्याय सेटअप.पीवायपर्यंत पोचवणारा ‘इन्स्टॉल-ऑप्शन’ काढूनच टाकला. माझ्या मते ते योग्यच झाले: परक्याचा कोड इन्स्टॉल होतानाच आपल्या मशीनवर चालावा, ही अपेक्षाच धोक्याची होती.

म्हणून पर्याय सुचला की तो कोणत्या वेळेचा हे आधी ठरवावे. जादा पॅकेजेस हवी असतील तर ‘रिक्वेस्ट्स[सॉक्स]’सारखे एक्स्ट्रा पुरतात. डेटाचे फोल्डर किंवा सर्व्हरचा पत्ता प्रोग्रॅम चालताना एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून किंवा सेटिंग्जच्या फाइलमधून घ्यावा. सी लायब्ररी जोडायची की नाही, हा निर्णय तेवढा खरोखर बांधणीचा. पिलो हे चित्रांचे पॅकेज तो पिपच्या ‘कॉन्फिग-सेटिंग्ज’मधून घेते, तोही सोर्समधून बांधताना, तयार व्हील उतरवले तर त्या सेटिंगचा काहीच परिणाम होत नाही.