तबकडीवरचे खोटे नाव

ग्रामोफोनच्या तबकडीवर गायकाचे नाव ठळक छापलेले असे. मागे बसून साथ करणाऱ्याचे नाव बहुधा छापीतच नसत. लुगडे घेताना विणकराचे नाव कोण विचारतो? तसेच हे. आम्ही संगीताचे जाणकार नव्हे. आमचे आयुष्य कामगार चळवळीत गेले, तेव्हा या विषयाकडेही आम्ही कामाच्याच बाजूने पाहतो.

एडी लँग याचे मूळ नाव साल्वातोर मासारो. जन्म १९०२ चा, अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी, इटालियन कुटुंबात. बाप तंतुवाद्ये बनविणारा कारागीर. पोर आधी व्हायोलिन शिकले, पुढे बँजो व गिटार. त्या काळी ध्वनिमुद्रण कर्ण्यासमोर बसून होई. कर्ण्याला दणदणीत आवाज लागे, म्हणून मागणी बँजोला. १९२५ च्या सुमारास विजेचा मायक्रोफोन आला आणि गिटारचा मऊ स्वरही तबकडीवर उमटू लागला. यंत्र बदलले की एका कारागिराची भाकरी जाते आणि दुसऱ्याची येते. इथे बँजोवाल्यांची गेली, लँगची आली.

मग हा माणूस न्यूयॉर्कमध्ये बोलावील त्याच्याकडे वाजवू लागला. बालमित्र ज्यो व्हेनुतीच्या व्हायोलिनला साथ, १९२७ साली बिक्स बायडरबेकबरोबर जॅझ, १९२९ साली बेसी स्मिथच्या ब्लूज गाण्यामागे गिटार, पॉल व्हाइटमनच्या मोठ्या वाद्यवृंदात नोकरी, पुढे बिंग क्रॉस्बीची साथ. रशियन संगीतकार राख्मानिनोव्हची रचनाही त्याने गिटारवर वाजवून मुद्रित केली. एकाच कारागिराने सुतारकाम, लोहारकाम आणि नक्षीकाम करावे, अशातला हा प्रकार.

आता मुद्द्याचे ऐका. १९२८ व १९२९ साली ओके कंपनीने लँग आणि लॉनी जॉन्सन यांच्या गिटार-जोडवादनाच्या तबकड्या काढल्या. जॉन्सन न्यू ऑर्लिन्सचा, काळ्या वर्णाचा. तो एकेका तारेवर सुरावट रंगवी आणि लँग खालून स्वरसंगतीचा भक्कम पाया घाली. कोणी कोणाला दाबीत नाही, दोघे एकमेकांना जागा देतात. परंतु तबकडीवर लँगचे नाव नाही! तिथे छापले आहे ‘ब्लाइंड विली डन’. डोळस, गोऱ्या माणसाला आंधळ्या काळ्या गवयाचे नाव चिकटविले. कारण सरळ आहे. कंपनी काळ्या गिऱ्हाइकांसाठी वेगळी मालिका काढी, आणि गोरा नि काळा शेजारी बसून वाजवितात हे बाजाराला दाखवावयाचे नव्हते.

कोणी म्हणेल, नावाने काय बिघडले, संगीत तर झाले! आम्हाला हे पटत नाही. दोन माणसे एकच काम बरोबरीने करतात, ही गोष्ट लोकांच्या नजरेस पडली की भेदाची भिंत हलते. म्हणूनच ती झाकली गेली.

लँग १९३३ साली टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर वारला. वय अवघे तीस. जॉन्सन पुष्कळ जगला, पण कसा? १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तो लँगच्याच फिलाडेल्फियात एका हॉटेलात झाडलोट करीत होता. तिथे एका रेडिओ-निवेदकाने त्याला हुडकला, तेव्हा पुन्हा तबकड्या निघाल्या. १९७० साली तो टोरांटोत वारला.

दोष एकट्या कंपनीच्या माथी मारून आम्हाला मोकळे होता येणार नाही. अमेरिकेतील वादकांची संघटना १८९६ ची. पण तिच्यातही अनेक शहरांत गोऱ्यांची शाखा निराळी, काळ्यांची निराळी. लॉस एंजेलिसच्या दोन शाखा एक व्हावयास १९५३ साल उजाडले. मालकाने भिंत बांधावी हे समजते. कामगारांनी तिला आपल्या हाताने गिलावा करावा, हे लाजिरवाणे आहे.

तेव्हा मंडळी, संघटनेने मजुरीचा दर मागावा, कामाचे तास मागावेत. पण काम करणाऱ्याचे खरे नाव त्याच्या कामावर लागावे आणि शेजारच्याचेही लागावे, ही मागणीही आमच्या मते त्याच यादीत लिहिली पाहिजे.