हारलनसाहेबांचे ढेकूण

१९७३ साली अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या फोर्ट डिक्स या लष्करी छावणीत, नव्यानं भरती झालेल्या पोरांना रात्री ढेकूण चावायला लागले. यात विशेष काय? बराकीत औषध मारतात, विषय संपतो. इथेही संपला असता. पण तिथे हॅरल्ड हारलन नावाचे लष्करी कीटकशास्त्रज्ञ होते. त्या काळात अमेरिकेत ढेकूण बघायला मिळणंच दुर्मीळ झालं होतं, त्यामुळे साहेबांना कुतूहल वाटलं आणि त्यांनी त्यातले काही बरणीत भरून चक्क पाळले.

आता ढेकूण पाळायचा म्हणजे पहिला प्रश्न जेवणाचा. झुरळाला कणिक चालते, ढेकणाला रक्त सोडून काहीही चालत नाही, जन्मापासून मरेपर्यंत. मादी फटीत पांढरी, जेमतेम एक मिलिमीटरची अंडी चिकटवते. आठवड्या-दहा दिवसांत त्यातून दीड मिलिमीटरचं, जवळपास रंगच नसलेलं पिल्लू बाहेर येतं. त्यानंतर मोठं होण्याच्या पाच पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीचा नियम एकच: पोटभर रक्त प्यायल्याशिवाय कात टाकता येत नाही. जेवण नाही तर प्रमोशन नाही! पाचव्यांदा कात टाकली की मग पाच-एक मिलिमीटरचा, आपल्या ओळखीचा तपकिरी चपटा ढेकूण तयार. हवा उबदार असेल आणि माणूस रोज त्याच गादीवर झोपत असेल तर हे सगळं पाच-सहा आठवड्यांत उरकतं.

डासांमध्ये फक्त मादी चावते, इथे नर, मादी, पोरंबाळं सगळेच. आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साईड आणि अंगाची ऊब यांच्या मागावर येतात, पाच-दहा मिनिटं पितात आणि पुन्हा फटीत. नुकतंच जेवलेलं पिल्लू म्हणजे अक्षरशः चालता लाल थेंब. पुढचं जेवण मिळेपर्यंत थांबायची तयारीही जबरदस्त. थंड जागेत मोठा ढेकूण कित्येक महिने उपाशी काढतो. त्यामुळे 'महिनाभर खोली बंद ठेवली, आता मेले असतील' या भ्रमात कुणी राहू नये. आणि फवारणीतून अंडी बऱ्याचदा वाचतात, तेव्हा पेस्ट कंट्रोलवाला 'दोन आठवड्यांनी परत येतो' म्हणाला तर तो पैसे उकळतोय असंही समजू नये.

असो. तर हारलनसाहेबांनी जेवणाचा प्रश्न साधाच सोडवला. बरणीच्या तोंडाला बारीक जाळी लावायची आणि ती उलटी करून स्वतःच्या अंगावर धरायची. जाळीतून सोंडा बाहेर, साहेब आत बाहेर कुठेही गेले नाहीत, ढेकूणही नाहीत. साधारण महिन्यातून एकदा हा कार्यक्रम, आणि पुढे कित्येक दशकं. मलेरिया डास पसरवतो तसं काही ढेकूण करत नाही, हे त्यांना अर्थातच माहीत होतं. तरीसुद्धा.. घरच्यांच्या सहनशक्तीला सलाम.

या वेडेपणाची किंमत कळायला थोडं मागे जावं लागेल. १९३९ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये पॉल म्युलरना डीडीटीनं कीटक मरतात हे सापडलं. १९४८ मध्ये त्यांना नोबेलही मिळालं. डीडीटीनं श्रीमंत देशांतले ढेकूण जवळपास हद्दपार केले. पण नोबेल मिळायच्या आधीच, १९४७ च्या सुमारास, हवाईतल्या पर्ल हार्बरच्या बराकींमध्ये डीडीटीला दाद न देणारे ढेकूण निघाले होते! आपल्याकडे १९५३ पासून मलेरियाच्या मोहिमेत भिंतींवर डीडीटी मारली गेली, तेव्हा इथल्या ढेकणांनीही कालांतरानं तेच केलं. पुढे पायरेथ्रॉईड गटाची औषधं आली. गंमत म्हणजे ती आणि डीडीटी कीटकाच्या मज्जातंतूंत एकाच ठिकाणी घाव घालतात. म्हणजे कुलूप तेच, आणि त्यातून वाचायची युक्ती काही ढेकणांना आजोबांकडूनच मिळालेली.

१९९० च्या दशकाच्या शेवटी ढेकूण अमेरिकेत, युरोपात परतले. हॉटेलं, विमानं, जुन्या गाद्या, सगळीकडे. औषध मारूनही मरेनात. ते निबर झालेत हे उघड होतं, पण किती निबर? आमच्या धंद्यातल्या लोकांना ही अडचण लगेच कळेल. नवीन बिल्ड बिघडलाय हे दिसतंय, पण तुलना करायला जुना बिल्डच कुणाकडे नाही. तो होता हारलनसाहेबांच्या बरण्यांत. १९७३ नंतर एकाही फवारणीचं तोंड न बघितलेला.

२००७ मध्ये केंटकी विद्यापीठातल्या संशोधकांनी ठिकठिकाणचे ढेकूण आणि हे फोर्ट डिक्सचे ढेकूण शेजारी ठेवून औषधं तपासली. फोर्ट डिक्सवाल्यांना जेवढं डेल्टामेथ्रिन पुरत होतं त्याच्या हजारो पट देऊनही काही ठिकाणचे मेले नाहीत. हा आकडा काढता आला तो निव्वळ एका माणसानं इतकी वर्षं रक्त पाजल्यामुळे. त्या वंशातले ढेकूण मग बऱ्याच प्रयोगशाळांत गेले. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीमधले लुई सॉर्किनही त्यांना स्वतःच्या हातावर जेवू घालत.

२०१६ मध्ये ढेकणाचा जीनोम प्रसिद्ध झाला, तोही याच वंशाचा. त्यात या म्युझियमच्या लोकांना दिसलं की जीन्सच्या कामात सगळ्यात मोठी उलथापालथ होते ती पहिल्या जेवणाच्या वेळी. विष पचवणारे, कातडं जाड करणारे बरेच जीन्स त्यानंतरच जोरात कामाला लागतात. म्हणजे ढेकूण सगळ्यात कच्चा असतो तो पहिलं रक्त प्यायच्या आधी. दीड मिलिमीटरचा, बिनरंगाचा, गादीच्या शिवणीत.

बघा सापडतोय का.